संध्याकाळचं पाचट

आख्खी नोकरी मी पोरांना भूगोल शिकवला, आणि आता तोच भूगोल माझ्या छातीवर येऊन बसलाय.

घनसावंगीत आमचं घर गावाच्या कडेला, सखल जागी. मागची भिंत संपली की माझ्या दिराचा ऊस. मला दमा. पावसाळ्याचे चार महिने मी माणसासारखी जगते, भाकरी थापते, भांडतेसुद्धा. उन्हाळ्यात रस्त्याचा फुफाटा उडतो, पण दार लावलं की तो बाहेर राहतो. खरा वैताग दिवाळीनंतर. थंडीत सांजेला वारा पडतो, गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूर तिच्यातच कोंडतो. वर चढायचं नाव घेत न्हाई.

ऊस तुटून गेला की रानात गुडघाभर पाचट उरतं, उसाची वाळलेली पानं. ती पेटवायची वेळ ठरलेली, संध्याकाळ. वारा नसतो, म्हणून आग शेजाऱ्याच्या उसात जात नाही. आग रानात राहते आणि धूर माझ्या घरात येतो. चिडावं तरी कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

गेल्या हिवाळ्यात मी दिराला म्हटलं, "भाऊजी, जाळू नका हो. कुजू द्या, खत होईल."

"वहिनी, पाचट बारीक करायच्या कुट्टीच्या मशीनसाठी नंबर लावून दमलो. मशीनवाला म्हणतो, आज येतो, उद्या येतो. इकडं खोडांना नवे फुटवे येऊन राह्यले, एवढ्या पाचटात पाणी कवा देऊ मंग?"

"मग निदान दुपारी जाळा. ऊन तापलं की हवा वर चढते, धूर सोबत घेऊन जाते."

फळ्यावर काढावा तसा मी हवेत बोटाने बाण काढून दाखवला. काय तो माझा तोरा! वहिनी शिकलेली, म्हणून भाऊजींनी बिचाऱ्यांनी ऐकलं.

दुपारी धूर खरंच सरळ वर गेला. अंगणात उभी राहून मी छाती भरून श्वास घेतला आणि पोरीसारखी खूश झाले. मग वारा सुटला. ऊन तापलं की वारा सुटतो, हेही मीच शिकवलेलं की! ठिणग्या बांधावरून शेजाऱ्याच्या उभ्या उसात गेल्या. बाया-गडी ओली पोती घेऊन धावले. आग विझेपर्यंत त्याचा निम्मा ऊस करपला, ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटल्या.

शेजारी भांडायला आलाच न्हाई. आला असता तर बरं झालं असतं. चार दिवसांनी रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "बाई, तुमच्या हाताखाली शिकलो मी. दुपारी पेटवताना बघितलं, पण म्हटलं बाईंनी सांगितलं म्हंजे बराबरच असंल. गप बसलो."

जमिनीत गडप व्हावं असं वाटलं मला.

यंदाही ऊस गेला आणि यंदाही मशीन आली नाही. भाऊजी येऊन बसले, चहा घेतला, पाचट सोडून बाकी सगळं बोलले. शेवटी मीच म्हटलं, "संध्याकाळीच लावा."

"वहिनी, दोन दिवस जालन्याला लेकीकडं जाऊन या."

"जुन्या जालन्यात काय सोन्याची हवा आहे? तिथं त्या गल्लीत रिक्षांचा धूर खायचा, त्यापेक्षा इथं आपल्या घरात खोकेन."

त्या संध्याकाळी दाराच्या फटीत ओली फडकी कोंबली आणि औषधाचा पंप हातात घेऊन पलंगावर बसले. तरी न्हाणीच्या झरोक्यातून धूर आलाच. दोनदा पंप मारला, तिसऱ्यांदा मारला. श्वास आत जाईना की बाहेर येईना. भीती वाटली, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात दार वाजलं. भिंत धरत धरत जाऊन उघडलं. शेजारी उभा होता, तोंड काजळीनं काळं झालेलं, पण हसत होता.

"बाई, विझली बघा आग. माझ्या उसाचं एक पान करपलं न्हाई. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं."

"बरं झालं" एवढंच म्हणायचं होतं मला. तेवढाही श्वास नव्हता. त्याच्या मागून धूर आत येत होता. मी हाताने दार लावायची खूण केली.

त्याचं हसू गेलं. गेल्या वर्षी आपण गप बसलो, त्याचा बाईंचा राग अजून गेला न्हाई असं समजून, मान खाली घालून, तो निघून गेला.