पंचफुलाने हसवून मारला

वाशीमच्या बाजारात पंचफुला वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन बसली की आजूबाजूच्या माळणी आपापल्या पाट्या तिच्याजवळ सरकवायच्या. गिऱ्हाईक कमी असलं की ती नकला करायची. एकेका वांग्याला नख लावून बघणारी वकिलाची बायको, झोपेत घोरता घोरता नमस्कार करणारा कचेरीचा शिपाई. माणूस समोरून जाताना दिसला की दोन क्षणांत तो तिच्या अंगात आलेला असायचा.

तिचं सासर वाशीमपासून दीड कोसावर, नाल्याकाठी. माळ्यांची दहा-बारा घरं, प्रत्येकाचा आपापला मळा. एकोणीसशे एक्कावन्न साली लग्न होऊन ती तिथे आली तेव्हा सतरा वर्षांची होती. घरात तीनच माणसं. ती, नवरा चंपत आणि सासू गोजराबाई. सासरा आधीच गेलेला.

चंपत अंगाने किरकोळ आणि अबोल होता. मोटेच्या चार खेपा झाल्या की बैल थांबवून बसायचा. "बैलं थकले," म्हणायचा. बैल मात्र खुशाल उभे असायचे. मग गोजराबाई येऊन त्याच्या हातातला कासरा घ्यायची. "दे इकडं, तू पाणी वळव," म्हणून स्वतः मोट हाकायची. एकुलत्या एका मुलाला म्हातारीने लाडावून ठेवलंय, असं पंचफुलाला वाटायचं. तो भिंतीला टेकून, बसल्यासारखाच झोपायचा. ती त्याची सवय असेल, असं तिने धरून चाललं होतं.

दिवसभरात दहा शब्द न बोलणारा हा माणूस बायकोच्या नकलांना मात्र मनापासून हसायचा. आवाज नाही, नुसते खांदे हलायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं. "पुरे कर, पंचफुले, पुरे कर," म्हणायचा. ती थांबायची नाही, कारण त्याला थांबायला नको असतं, हे तिला माहीत होतं. दिवसभराच्या कामानंतर तिला तेवढंच हवं असायचं.

त्रेपन्न सालच्या चैत्रात वस्तीवर देवीची लस टोचणारा माणूस आला होता. बायकांना दरडावून बोलत होता, इतक्यात गोजराबाईचा गोऱ्हा त्याच्यावर धावून गेला. त्याने भिऊन छत्री उघडली. गोऱ्ह्याने ती शिंगावर घेतली आणि मळाभर पळाला. मागे तो माणूस, "सरकारी छत्री हाय रे!" असं ओरडत.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंपत विहिरीजवळच्या बाभळीखाली जेवून हात धुऊन बसला होता. पंचफुलाने भाकरीचं फडकं डोक्यावर घेतलं आणि आधी ती टोचणारा झाली, मग गोऱ्हा झाली. दोन बोटं कपाळाला लावून नवऱ्यावर धावून गेली. चंपत हसायला लागला. ती पुन्हा मागे गेली, पुन्हा धावली. तो वाकला. एक हात वर करून म्हणाला, "पुरे... पुरे कर."

ती थांबली नाही.

तो कुशीवर कलंडला. त्याने छातीवर हात दाबला होता. तोही आता सोंग करतो आहे, असं तिला वाटलं. म्हणून तिने आणखी एक धडक मारली, खांद्याला. मग त्याचे ओठ दिसले. जांभळासारखे झाले होते.

गोजराबाई मोटेच्या धावेवर उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. धावत येऊन तिने मुलाचं डोकं मांडीवर घेतलं आणि जो टाहो फोडला तो पलीकडच्या मळ्यापर्यंत ऐकू गेला.

"हासवू हासवू मारलं वं माह्या लेकराले! पंचफुलानं हासवून मारलं!"

गावचे पोलीस पाटील भगवंतराव आले. समजूतदार माणूस. ते प्रेताकडे बराच वेळ बघत राहिले.

"हासल्यानं माणूस मरते हे मी आजच आयकून राह्यलो," ते म्हणाले. "तिशीच्या आतला गडी. जेवला अन् गेला. वर्दी द्याच लागते."

जेवणानंतर गेला म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांत विषाचा संशय आला, तो पंचफुलालाही कळला. प्रेत बैलगाडीत घालून वाशीमच्या दवाखान्यात नेलं. गाडीत एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला सून.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासणी झाल्यावर दोघींना व्हरांड्यात बोलावलं.

"विषबाधा नाही," ते म्हणाले. "काळजात रक्त पुढे जायला दारं असतात. त्याचं एक दार आकसून पार बारीक झालं होतं. वर्षानुवर्षांचा आजार आहे. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का?"

गोजराबाई म्हणाली, "नाई."

"दम लागायचा?"

"नाई, साहेब. चांगला होता."

पंचफुलाने विचारलं, "माणूस हासून मरते काय, साहेब?"

"धडधाकट माणूस सहसा मरत नाही. ज्याचं काळीज असं आहे त्याला कसलाही जोर सोसत नाही. धावणं, ओझं, खोकला. हसणंसुद्धा."

"हासले नसते तं?"

डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी कदाचित गेला नसता. पण महिन्याभरात, वर्षात, केव्हा ना केव्हा..."

पुढचं तिने ऐकलं नाही. तिच्याजवळ पहिलं वाक्यच राहिलं.

पोलिसांचा कागद मिटला, पण लोकांनी काही मिटवलं नाही. निंदणाला, तण काढायला, बायका पातीला पात, ओळीला ओळ लावून बसत, पण पंचफुला शेजारी आली की गप्प होत. लेकुरवाळ्या आपली पोरं उचलून दुसरीकडे निजवत. डॉक्टर काय म्हणाले ते तिने दोघी-तिघींना सांगून पाहिलं. "डाक्टरनं थोडंच पाह्यलं? तुह्या सासूनं डोयानं पाह्यलं," एकीने उत्तर दिलं. सासू डॉक्टरांचं बोलणं कोणालाच सांगत नव्हती. मळा मात्र दोघी मिळून करत होत्या. एक मोट हाकायची, दुसरी पाणी वळवायची. बोलणं कामापुरतं.

छप्पन्न साली पंचफुलाच्या भावाने तिच्यासाठी पाटाचं, म्हणजे पुनर्विवाहाचं, स्थळ आणलं. जऊळक्याकडचा बागवान, उकर्डा. बायको बाळंतपणात गेलेली. माणूस साधा होता. ओट्यावर बसून पाणी प्यायला आणि सरळच विचारलं, "लोकं म्हन्तात ते खरं हाय काय?"

भाऊ मध्ये बोलायला लागला. पंचफुलाने त्याला हाताने थांबवलं.

"त्यायचं काळीज खराब होतं, असं डाक्टरनं सांगतलं," ती म्हणाली. "पण त्यायनं मले पुरे कर म्हटलं होतं. मी थांबली नाई. हे बी खरं हाय."

उकर्ड्याने रिकामा पेला ओट्यावर ठेवला आणि तो उठला. आठ दिवसांनी भावाकडून निरोप आला, जमत नाही.

निरोप आला त्या संध्याकाळी गोजराबाई चुलीपुढे बसून होती. तव्यावरची भाकर जळाली तरी तिने उलटली नाही.

"तो आठ वर्साचा होता," ती एकदम म्हणाली. "ताप आला. गुडघे असे सुजले का पोराले उभं राहता येये ना. कारंज्याच्या वैद्यानं सांगतलं, बाई, याच्या काळजाले धक्का बसला. याले मेहनतीचं काम देऊ नोको."

पंचफुलाने जळकी भाकर तव्यावरून काढली. "मंग दवाखान्यात नाई काहून म्हटलं?"

"लगनाच्या वक्ती लपवलं होतं. सांगतलं असतं तं तुह्या बापानं तुले देलं असतं काय?"

"लगनाचं सोडा. तीन वर्सं मी गावात कशी राह्यली ते पाह्यलं ना तुमी, आत्याबाई?"

"पाह्यलं. मी सांगतलं असतं तं लोकं म्हनले असते, मायनंच मारला, मोटेवर उभा करून. तुह्या नावानं होतं ते तुह्याच नावानं राहू देलं." म्हातारीने पदर तोंडाला लावला. "आज निरोप आला तं मले बरं वाटलं. तू गेली असती तं मी एकटी राह्यली असती. असं बरं वाटलं अन् मंग मलेच माहं भेव वाटलं."

सकाळी पंचफुलाने तिचा हात धरला आणि तिला भगवंतरावांच्या ओट्यावर नेलं. चार माणसं बसलेली होती. "सांगा," ती म्हणाली. गोजराबाईने सगळं सांगितलं, वैद्यापासून दवाखान्यातल्या खोट्यापर्यंत. शेवटी भगवंतराव एवढंच म्हणाले, "हे तवाच बोलाचं होतं, गोजराबाई."

वस्तीवरच्या बायका पुन्हा तिला निंदणाला बोलवायला लागल्या. पण बारीक झालेल्या दाराची गोष्ट कोणाला लक्षात राहणार? हसवून मारल्याची गोष्ट कारंज्यापर्यंत गेली होती. बाजारात अनोळखी बायका लांबून तिच्याकडे बोट दाखवायच्या, ते शेवटपर्यंत थांबलं नाही. उकर्ड्याचं तोवर दुसरीकडे जुळलं होतं.

पंचफुलाने सासूला टाकलं नाही. माफ केलं, असंही तिच्या तोंडून कोणी ऐकलं नाही. एकोणसाठच्या हिवाळ्यात गोजराबाई गेली. क्रियाकर्म पंचफुलानेच केलं आणि मळा एकटीने धरला.

त्यानंतर तिला एक खोड लागली. वस्तीवर कोणाचं लग्न ठरलं की ती मुलाला बघायला जायची. चार पावलांत दम लागणारा, ओठ निळसर असलेला दिसला तर सर्वांसमोर म्हणायची, याला आधी दवाखान्यात दाखवा. असं दोनदा झालं. पहिल्या वेळी लोकांनी ऐकून सोडून दिलं. दुसऱ्या वेळी मुलीच्या बापाने तिला शिव्या दिल्या आणि ओट्यावरून खाली उतरवलं. ती उतरली आणि अंगणात उभी राहून तेच पुन्हा म्हणाली.