सोनोग्राफी दादाची होती

सरळच सांगतो, नाहीतर लाजत बसेन आणि राहूनच जाईल. माझ्या दादाच्या डाव्या गोटीत गाठ आली होती. पुस्तकात वृषण म्हणतात, आमच्याकडे गोटी.

दादा अंजूरच्या एका गोडाऊनला कामाला. दिवसभर माल उचलायचा. सूज दिसली तेव्हा बरोबरचे म्हणाले, "वजनानं आतडं खाली उतरलंय, लंगोट आवळून बांध, बसेल." यानं बांधला! कितीतरी महिने! दुखत नव्हतंच ना. दुखत नाही म्हणजे काही नाही, एवढं साधं त्याचं गणित. शेवटी वहिनीनंच ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी अंधार करून खालून टॉर्च लावला. नुसतं पाणी भरलेलं असतं तर उजेड आरपार दिसला असता म्हणे. नाही दिसला. म्हणाले, "उद्याच सोनोग्राफी करून घ्या."

सेंटरवर मी, दादा, वहिनी तिघं गेलो. सगळीकडे पोटुशा बायका. काउंटरवरच्या ताईनं वहिनीच्या हातात पाण्याची बाटलीच दिली, "पिऊन घ्या, लघवीला जाऊ नका." दादा इतक्या हळू म्हणाला, "मॅडम, पेशंट मी आहे." वहिनीला हसू आलं. मलाही. देवाशपथ, तिथंपर्यंत आम्ही हसत होतो.

आतलं दादानं नंतर रिक्षात सांगितलं. थंडगार जेली लावली, डॉक्टर क्रिकेटवर गप्पा मारत मशीन फिरवत होते. मग एका जागी हात थांबला आणि क्रिकेटही थांबलं. "तिथंच कळलं रे मला," तो म्हणाला.

रिपोर्टमध्ये कॅन्सरचा संशय. रक्त तपासायचं, गोटी काढायची. दादा म्हणाला, "ॲडमिट होईपर्यंत आईला बोलायचं न्हाय."

पण शेजारच्या काकूंनी आम्हाला सेंटरमधून बाहेर पडताना बघितलेलं. त्या संध्याकाळीच दारात, "काय गं, आजी होतेस आणि सांगत न्हायस व्हय?"

लग्नाला चार वर्षं झालेली. आईचा चेहरा असा फुलला की आम्ही तिघांनी काकूंचं म्हणणं तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवसापासून वहिनीनं हंडा उचलायचा नाही, उभं राहून जेवायचं नाही. आणि सुके बोंबील बंद! वासानं तिला मळमळेल म्हणून. दादाचा बोंबलावर जीव. तो नेहमीसारखा चिडवायचा, "सून आली आणि माझं जेवण गेलं." वहिनी मोरीत जाऊन नळ सोडायची आणि रडायची.

ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी आई वहिनीच्या ताटात जास्तीचं तूप वाढत होती. वहिनीला हुंदका आवरेना. दादा म्हणाला, "आई, सोनोग्राफी माझी होती."

आई हसली. "चल! पुरुषाची कुठं सोनोग्राफी असते?"

मग त्यानं सगळं सांगितलं. लंगोट, टॉर्च, गाठ, सगळं. आईनं एवढंच विचारलं, "म्हणजे हिला काय न्हाय?"

"न्हाय."

ती उठली. फळीवरचा डबा काढला आणि होते तेवढे बोंबील तळले. ताट भरून. दादानं एकही ठेवला नाही. नुसता चावल्याचा कुरुमकुरुम आवाज.

ऑपरेशन झालं. पण पोटातल्या गाठींपर्यंत पोचलंय, आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले. आता केमो चालू आहे. दादाचे केस गेले. फोडणी पडली तरी त्याला उलटी होते, बोंबील तर लांबच. आईनं बाजारातून नवीन आणून ठेवले होते, तो बरा होऊन खाईल म्हणून. काल डबाच उचलून शेजारी देऊन आली. मी मागेच होतो. काकूंना आम्ही खरं काय ते अजून सांगितलं नव्हतं.

काकूंनी डबा घेतला, हसून विचारलं, "अजून वास सोसत न्हाय का सुनेला?"

आई म्हणाली, "न्हाय सोसत."