कॉव्हेंट्रीच्या मॅचला मी कुठे उभं राहावं

मला फुटबॉल कळत नाही. ह्यावर आमच्या घरात कुणाचाच वाद नाही. वाद एवढाच, की मला काही कळत नसताना नातीची टीम माझ्यामुळे हरते कशी.

नात म्हणजे तन्वी. नॉटिंगहॅमच्या कॉलेजात शिकते (युनिव्हर्सिटी म्हणा, असं ती म्हणते, मी चौथी पास, मला सगळं कॉलेजच) आणि तिथल्या मुलींच्या टीमची गोलकीपर आहे. बाकीच्या दहा जणी पळतात आणि ही दोन खांबांमध्ये उभी राहून सगळ्यांवर ओरडते. हे काम ती आजीकडून शिकली.

आजी म्हणजे माझी बायको, सुमन. मॅच बुधवारी दुपारी असायच्या आणि दोन वर्षं सुमन प्रत्येक मॅचला हजर. साडीवर मुलाचं जुनं जॅकेट, डोक्याला माकडटोपी, एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्यात चकल्यांचा डबा. मी कधी गेलो नाही. लोकांच्या पोरी पळताना बघायला थंडीत कशाला मरायचं, म्हणायचो. दिवाळीनंतर ती आजारी पडली, हॉस्पिटलात गेली आणि घरी आलीच नाही. शेवटी शुद्धीवर होती तेव्हा म्हणाली, "अहो, पोरीच्या मॅच राहिल्यात. मी नसले तर तुम्ही बघा. शेवटपर्यंत बघा, एक पण चुकवू नका."

मी म्हटलं, "बघतो." अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात तिचं पहिल्या सांगण्यात ऐकलं असं तेवढंच.

तीन मॅच बघितल्या. तिन्ही हरलो.

चौथी कॉव्हेंट्रीला होती, त्यांच्या मैदानावर. जिंकलो तर पुढे अजून एक, हरलो तर ह्या वर्षापुरता खेळ खलास. आदल्या दिवशी बघतो तर फ्रिजवर एक कागद चिकटवलेला. इंग्रजीत चार मुद्दे. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण माझं नाव ओळखतो. तन्वीने लहानपणापासून बर्थडे कार्डांवर लिहून लिहून तेवढं शिकवलंय. चौथ्या मुद्द्यात मी होतो!

"सतीश, हे काय रे?"

सतीश माझा मुलगा. कॉम्प्युटरमध्ये आहे. हुशार आहे, पण खोटं बोलायचं झालं की आधी चष्मा पुसतो. "कॉव्हेंट्री जिंकायचं तर काय काय करायचं, त्याची यादी आहे बाबा. एक, पहिल्या दहा मिनिटांत गोल खायचा नाही. दोन, कॉर्नर द्यायचा नाही. तीन, त्यांच्या नऊ नंबरच्या पोरीला मोकळं सोडायचं नाही."

"आणि चार?"

त्याने चष्मा काढला. "चार... आजोबांना चहा द्यायचा."

"डॅडी खोटं बोलते!" तन्वी जिन्यावरूनच ओरडली. (जन्म इंग्लंडातला, तिच्या मराठीत बाई-पुरुष एकच.) "आजोबा, तिथे लिहिलंय की तुम्हाला पिचपासून लांब ठेवायचा."

"का गं? मी काय चावतो?"

"तुम्ही बघते तेव्हा गोल होते. तीन मॅच, नऊ गोल! एकदा तुम्ही माझी ग्लोव्ह्ज आणायला कारमध्ये गेला, तेव्हा आम्ही स्कोअर केला. फक्त तेव्हाच!"

"योगायोग असेल."

"आजी म्हणायची, योगायोग काही नसते."

हा रोग आमच्या घरात आजीनेच आणला. कऱ्हाडला असताना एकदा टीव्हीवर क्रिकेट चालू होतं आणि मी बल्ब बदलायला स्टुलावर चढलो. मी हात वर केला आणि तिकडे सिक्सर बसला! "हलू नका!" सुमन किंचाळली. सामना संपेपर्यंत मी एका हाताने बल्ब धरून स्टुलावर. शेजारचे चार जण बघायला आले. माझ्याकडे नाही, टीव्हीकडे. चहा सुद्धा तिने मला वरच दिला.

शेवटी तोडगा निघाला. मी कॉव्हेंट्रीला यायचं, पण गाडीत बसायचं. मैदानाकडे बघायचं नाही. "म्हणजे बाबा, तुम्ही आलात पण आणि नाही पण," असं सतीशने समजावलं. एवढं शिकून हे!

मी सुमनला दिलेल्या शब्दाचं काय, ते कुणी विचारलं नाही. मी बोललोही नाही. पोरीच्या तोंडावरचं हसू जाऊन किती महिने झाले होते. ती जिंकावी, एवढंच मला पण पाहिजे होतं. बाकी आता कशाची हौस राहिलेली नाही.

बुधवारी टीम बसने गेली, आम्ही मागून गाडीने. निघताना सुनेचा हॉस्पिटलातून फोन. सून वैशाली डॉक्टर आहे. ब्लडप्रेशरसाठी तिने मला पाण्याची गोळी लावलीय, घेतली की सारखं लघवीला पळवणारी. "बाबा, आज ती गोळी घरी परत आल्यावर घ्या हं. प्रवास आहे."

"बरं," मी म्हटलं. गोळी घेऊन अर्धा तास झाला होता.

कॉव्हेंट्रीला पोचलो. सतीशने गाडी मैदानाकडे पाठ करून लावली. मग डिकीतून सुमनची घडीची खुर्ची काढली, मैदानाच्या कडेला नेऊन उघडली आणि तशीच रिकामी ठेवली. मी आरशातून तेवढं बघितलं. मग आरसाही वाकडा केला.

गाडीत बसलो. चहा प्यायलो. दुसरा प्यायलो. तिसऱ्याला हात घातला तोच सतीश धापा टाकत आला. काच ठोकायला लागला.

"बाबा, गोल खाल्ला! तुम्ही काय करत होतात?"

"काय करणार? बसलो होतो."

"मग बसू नका!"

"अरे, तूच म्हणालास..."

"तेव्हाची गोष्ट वेगळी. आता उतरा!"

उतरलो. मैदानाकडे पाठ करून कचऱ्याच्या डब्याशेजारी उभा राहिलो. हातात चकल्यांचा डबा. चकल्या सुनेने विकत आणलेल्या. सुमनच्या हाताची सर नाही, पण चावायला काहीतरी. एक चकली तोंडात धरली आणि बुटाची नाडी सुटली म्हणून वाकलो. मागे आरडाओरडा! फोन वाजला.

"बाबा! वन-ऑल! बरोबरी झाली! तुम्ही आत्ता कसे आहात?"

"वाकलोय."

"तसेच राहा!"

"अरे, माझं वय..."

"बाबा, प्लीज! तन्वीसाठी!"

आता सांगा. एकाहत्तर वर्षांचा माणूस, तोंडात अर्धी चकली, एक हात बुटाच्या नाडीला, बूड आभाळाकडे, कॉव्हेंट्रीतल्या एका कार पार्कात. वरून पाऊस भुरभुरायला लागला. आणि त्याच वेळी, पोटाच्या खाली, सुनेच्या गोळीने आपली हजेरी लावली.

एक म्हातारा गोरा कुत्र्याला घेऊन आला. माझ्याशेजारी थांबून त्याने जमिनीकडे बघितलं.

"लॉस्ट समथिंग, मेट?"

तोंडातली चकली हलायला नको म्हणून मी नुसतं "म्म्म" केलं. त्याला वाटलं, मी दुखण्यात आहे. त्याने माझं कोपर धरून मला सरळ करायला घेतलं. मी हलेना! तो ओढतोय, मी वाकतोय, असं थोडा वेळ चाललं. मग कुत्र्याने विषय संपवला. आला, माझ्या तोंडातली चकली अलगद ओढून घेतली आणि खाल्ली.

मागे मैदानावर शिट्टी वाजली. लांब शिट्टी.

"पेनल्टी," म्हातारा म्हणाला. त्याचा चेहरा फुलला. "आमची."

फोन वाजला. "बाबा, तुम्ही हललात?"

"मी नाही हललो. कुत्र्याने चकली खाल्ली!"

"मग दुसरी घाला तोंडात!"

म्हाताऱ्याला मी मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. नात गोलकीपर, मी पनवती, म्हणून असा. तो हसला नाही. आपल्या टोपीकडे बोट केलं. टोपी उलटी होती. त्यांचा पहिला गोल झाला तेव्हा वाऱ्याने उलटी झाली, तेव्हापासून बायको सरळ करू देत नाही, म्हणाला. नऊ नंबरची पोर त्याची नात! तेवढ्यात तिकडून एक बाई खच्चून ओरडली. "टोपीला हात लावू नकोस" असंच काहीतरी असणार.

त्याला ओरडायला बायको होती. मला फोन होता.

दोन म्हातारे, एक वाकलेला, एक उलट्या टोपीचा, पेनल्टीची वाट बघत उभे. आणि मला कळून चुकलं, की आता दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर मी इथून जाईन, नाहीतर कॉव्हेंट्रीत माझी जन्मभराची अब्रू जाईल. तन्वीसाठी मी जीव दिला असता. पण जीव कुणी मागत नव्हतं, मागत होते पाच मिनिटं, आणि तीच माझ्याकडे नव्हती!

मी पळालो. वीस वर्षांत पळालो नव्हतो. सुटलेल्या नाडीसकट, चकल्यांच्या डब्यासकट, पॅव्हिलियनच्या मागच्या टॉयलेटात.

आत एकटाच होतो. समोर पांढऱ्या फरशा. फोन खिशात वाजत होता, तो वाजू दिला. आणि काय झालं कुणास ठाऊक, मी मोठ्याने बोललो, "सुमन, नाही जमत गं मला. ना बघता येत, ना न बघता येत. तुझी नात तू सांभाळ."

बाहेर एकदम गलका झाला. गेला गोल, मी म्हटलं. संपलं. दहा-पंधरा सेकंदांत दुसरा गलका, पहिल्याहून मोठा. पेनल्टी एकच होती, मग ह्या लोकांनी दोन गोल कसे केले? नियम मला माहीत नाहीत. मी तिथेच उभा राहिलो. हात धुतले. डोळेही धुतले. परत हात धुतले. बाहेर जायची हिंमत होईना.

शेवटी दार ढकलून तन्वीच आत आली. (पुरुषांच्या टॉयलेटात! पण ती गोलकीपर आहे, तिला कोण अडवणार.) नखशिखांत चिखल.

"आजोबा! बघितला? मी पेनल्टी वाचवली! मग मी बॉल लांब मारली आणि आम्ही स्कोअर केला! आम्ही जिंकलो! तुम्ही बघितला ना?"

सुमनला मी शब्द दिला होता. एक पण चुकवू नका. आणि वर्षातली बघण्यासारखी एकच गोष्ट मी चुकवली होती. पोरीला "बघितलं" म्हणायला काय जात होतं? पण मला खोटं जमत नाही, आणि पुसायला चष्मापण नाही.

"नाही गं," मी म्हटलं. "मी मुतत होतो."

ती अशी हसली की फरशीवर बसली. हसता हसता रडायला लागली. मी पण बसलो तिच्याशेजारी, तेवढं गुडघ्यांना जमलं.

"आजीला सांगितलं होतं, शेवटपर्यंत बघतो म्हणून," मी म्हटलं.

"आजी?" तिने चिखलाच्या हाताने नाक पुसलं. "आजोबा, आजी कधीच बघायची नाही! मला गोलमधून दिसायचा. बॉल माझ्याकडे आली की ती माकडटोपी ओढायची. डोळ्यावरून, हनुवटीपर्यंत! गोल झाला की शेजारच्या बाईला विचारायची, कुणाचा?"

दोन वर्षं. थंडीवाऱ्यात, घडीच्या खुर्चीत, टोपीच्या आत. आणि संध्याकाळी घरी येऊन मला पूर्ण मॅच सांगायची!

परत येताना तन्वी बस सोडून आमच्या गाडीत. सतीशने खुर्ची घडी करून डिकीत ठेवली. वाटेत दोनदा खोदून विचारलं, "बाबा, पेनल्टीच्या वेळी तुम्ही नक्की कुठे होतात? पोझिशन कशी होती?" उत्तर तन्वीने दिलं.

पुढची मॅच पण बाहेरगावीच आहे. फ्रिजवर नवीन यादी लागलीय. ह्या वेळी सतीशने न पुसलेल्या चष्म्याने वाचून दाखवली. कॉर्नर वगैरे सगळे मुद्दे खाली गेलेत. पहिला मुद्दा असा: हाफटाइमला आजोबांना तीन कप चहा, आणि गोळी वेळेवर.

चौथी पास माणूस आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजच्या यादीत पहिला आला. गावाकडे फोन करून सांगावं म्हणतो, पण कशात आला असं विचारलं तर?