फ्रेंच गव्हर्नरचा आहेर

नाव: प्रताप. मुक्काम: स्वोर्ड्स, डब्लिन विमानतळाजवळ. व्हिसाचा वर्ग: पत्नीवर अवलंबित. व्यवसायाच्या रकान्यात आडवी रेघ. ओळखीची खूण: डाव्या अंगठ्यावर वाळलेला गोंद.

गोंद बोर्डगेमचा. पुण्यातली नोकरी सोडून बायको रेवतीपाठोपाठ इथे आल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, प्रताप तो बनवतोय. विषय: चारशे वर्षांपूर्वी कॅनडात उतरलेले फ्रेंच आणि तिथले मूळचे वेंडाट लोक यांची दोस्ती. आपला विषय का नाही घेतला, असं मराठी मंडळात हमखास विचारतात. "पानिपत आपण इथे दर मीटिंगला खेळतोच की," प्रताप सांगतो.

शनिवारी डब्लिनचा एक छोटा प्रकाशक, फिंटन, खेळ पाहायला घरी आला. आवडला तर छापणार होता. तो फ्रेंच गव्हर्नर झाला, रेवती वेंडाट. पहिल्या हिवाळ्यात त्याने आहेर म्हणून सढळ हाताने तांब्याची पातेली वाटली. दुसऱ्यात हात आखडला. तिसऱ्यात रेवतीच्या योद्ध्यांवर बोट ठेवून म्हणाला, "यांना नदीवर पाठवा."

"नाही."

"अहो, तुम्ही मला बाप म्हणता! कार्डावर छापलंय."

"म्हणतो ना. पण वेंडाट घरात बाप हुकूम सोडत नाही, तो देतो. ऐकायचं मामाचं."

"मग मला मामा करा."

"मामा आईकडून मिळतो, फिंटन. तुम्ही बोटीतून आलात."

योद्धे गेलेच नाहीत आणि गव्हर्नरचा नदीवरचा किल्ला पडला. फिंटन मागे रेलला. "खेळ ग्रँड आहे. फक्त दर हिवाळ्याच्या आहेराचा नियम काढा. मैत्री एकदा झाली की झाली. सोमवारी करार पाठवतो."

"नियम राहील," प्रताप म्हणाला.

रेवतीने टेबलाखालून लाथ मारली. "अरे, हो म्हण ना! नंतर बघू."

"तो काढला तर उरतं काय? नुसतं भांड्यांचं दुकान." मग फिंटनकडे वळून, "आता तुम्ही वेंडाट व्हा."

रेवती गव्हर्नर झाली आणि दुसऱ्याच हिवाळ्यात तिच्यातली सॉफ्टवेअर इंजिनिअर जागी झाली.

"या वर्षी पातेली?" फिंटनने विचारलं.

"बजेट नाही."

फिंटनने आपले योद्धे एकेक करून उचलले. घाई अजिबात नव्हती. "मला दुसरं कोणी मिळेल?"

"दक्षिणेला डच बसलेत," प्रताप म्हणाला.

"अरे वा," म्हणून फिंटनने खुर्ची पुढे ओढली आणि चहा निवू दिला. रेवतीने घाईघाईने चार पातेली पुढे सरकवली. त्याने ती घेतली, आभार मानले आणि तरीही डचांकडे गेला.

सोमवारी करार आला. आहेराचा नियम जसाच्या तसा.

फिंटनच्या कंपनीत एकूण तीन माणसं आहेत. पुढच्या वर्षी ती दुसरं काहीही छापणार नाहीत.