कमलचा उजवा हात

माझ्या सासऱ्यांनी मला सायकल दिली ती माझा जीव घ्यायच्या बेतानं, असं मी गेली कित्येक वर्षं घरात सांगतो आहे आणि घरात कोणी ऐकत नाही.

सायकल मिळाली दिवाळसणाला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावयानं सासरी पाटावर बसायचं, ताटाला हात लावायचा नाही, तोंड पाडायचं. मग सासरा विचारतो, "काय पाहिजे?" आणि जावई सांगतो, अशी रीत. मी दौंडला गेलो तो अंगठी मागायची असं पक्कं ठरवून. पण समोर श्रीखंडाची वाटी, वर तुपाची धार, आणि सकाळपासून पोटात काही नाही! सासऱ्यांनी विचारलं तेव्हा मला 'अंगठी' हा शब्दच आठवेना. खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल टेकवलेली दिसली. मी म्हटलं, "सायकल!" आणि श्रीखंडावर तुटून पडलो.

आता मला सायकल येत नव्हती, हा भाग वेगळा. मला बैलगाडीत पुढं बसायचीसुद्धा भीती वाटायची. रस्त्यावर भोंगा वाजला की माझ्या पायातली ताकद जायची ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत येत नसे.

माझे सासरे, म्हणजे नाना, एसटीचे ड्रायव्हर. दौंड-शिरूर गाडी त्यांच्याकडं. गलमिशा अशा की गाडीच्या समोरच्या काचेतून मिशा आधी दिसत, नाना मागाहून. देवांची नावं चुकतील, पण रस्त्याचे नियम चुकायचे नाहीत. घरातसुद्धा माजघरातून ओसरीवर वळताना उजवा हात लांब करून दाखवायचे! एकदा त्या हातानं सासूबाईंच्या हातातलं दुधाचं भांडं उडालं. (दूध थेट माळ्यापर्यंत गेलं. मांजर तीन दिवस माळ्यावरून खाली उतरलं नाही.) तर नाना शांतपणे म्हणाले, "मी हात दाखवला व्हता. तूच मागं अंतर ठेवलं न्हाईस."

सायकल हातात देताना नानांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"जावईबापू, सायकल दिली. पर एक सांगतो. वळताना हात दाखवायचा. हात न दाखवता वळणारा माणूस मागच्याला बी मारतो आन् सोता बी मरतो. तुम्ही हात न दाखवता वळलेलं मला दिसलं, तर त्याच दिवशी सायकल माघारी नेईन."

"व्हय नाना."

"आन् सगळ्या भावकीदेखत नेईन!"

हे मात्र वाईट होतं. दिवाळसणाची वस्तू सासऱ्यानं परत नेली, असं शिरूर तालुक्यात कुणाच्या बाबतीत घडलेलं नव्हतं. मी पहिला ठरलो असतो. आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला गोठ्यात झोपायला लावलं असतं आणि बैलांनी हरकत घेतली असती.

आमची वस्ती शिरूरच्या अलीकडं अडीच मैलांवर, दौंडकडून येणाऱ्या रस्त्याला लागून. मी शिरूरला एका अडत्याच्या दुकानात कामाला. शिरूरच्या तोंडाशी एक पिंपळ होता, तिथं उजवीकडं वळलं की बाजाराची वाट. महिनाभर शेतात आपटून मी सायकल शिकलो, पण दोन्ही हात धरून आणि सरळ. एक हात सोडला की सायकल मला सोडायची! म्हणून पिंपळ आला की मी खाली उतरायचो, सायकल हातात धरून चालत वळायचो, पलीकडं गेलो की पुन्हा टांग मारायचो.

एक दिवस दौंडची गाडी दुकानासमोर थांबली आणि कंडक्टरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पाव्हणं! नानांचा निरोप हाय. म्हणाले, जावई पिंपळापाशी रोज उतरून चालतो, हे काय मला बराबर वाटत न्हाई. उद्या सकाळी गाडीवर मीच हाय. मागनं येतो आन् कसं वळतो ते बघतो."

गाडी गेली. मी तिथंच धान्याच्या पोत्यावर बसलो. अडत्यानं पाणी पाजलं, घोंगडी पांघरली आणि माझ्या घरी कोण कोण आहे याची चौकशी केली.

संध्याकाळी घरी येऊन कमलला सांगितलं. कमल म्हणजे माझी बायको, नानांची थोरली. ड्रायव्हरची पोर. तिला भीती हा प्रकार नानांनी दाखवलेलाच नव्हता.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "तुम्ही दोन्ही हातांनी धरा. मी मागं बसते. हात मी दाखवते."

"अगं, डबलशीट चालत नाही! पोलीस धरतो!"

"त्यो पेठंत. पिंपळ पेठंच्या बाहेर हाय. वळून झालं की मी उतरते. नाना नेमात बोट ठेवायला जागा शोधतील, पर त्येंला सापडायची न्हाई."

"आणि ते ओरडले तर?"

"हात दिसल्यावर वरडायचं कशाला? हात कुणाचा असावा असं कुठं लिवलंय?"

(पुढं तालुक्यात चांगले चांगले वकील मी पाहिले. असा मुद्दा एकालाही सुचला नसता.)

सकाळ झाली. माझ्या पोटात त्या दिवशी भाकरी गेली नाही, गेली ती फक्त धास्ती. मी सायकल थोडी पळवली आणि कमल मागून उडी मारून कॅरिअरवर बसली. इतर बायका डावीकडं पाय सोडून बसतात. ही उजवीकडं पाय सोडून बसली, म्हणजे उजवा हात बरोबर रस्त्याच्या बाजूला मोकळा. डाव्या हातानं तिनं माझा सदरा मुठीत धरला, तो इतका घट्ट की गळ्याचं बटण माझ्या घशात रुतलं आणि पुढचं सगळं मी अर्ध्या श्वासात केलं.

"सरळ बघा."

"सरळच बघतोय."

"मग डोळे उघडा!"

मी डोळे उघडले. समोरून उसाची ट्रक येत होती. मी पुन्हा मिटले. ट्रक गेली, तिच्या वाऱ्यानं आम्ही सायकलसकट चार हात बाजूला गेलो आणि मग परत आलो. कसे परत आलो ते मला विचारू नका, मी तिथं नव्हतो.

तेवढ्यात मागून घुर्रर्र आवाज आला. नानांची गाडी!

"आले," कमल म्हणाली. "मिशा दिसायला लागल्या."

माझे पाय पेडलवर फिरत होते की नुसते थरथरत होते आणि पेडल आपोआप फिरत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. पिंपळ अजून अर्धा मैल होता. सगळं ठीक चाललं होतं. आणि समोरून आमच्या वस्तीचे जुने पाटील चालत आले.

आता आमच्याकडची रीत अशी की, वडीलधारं माणूस समोर आलं की सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा. कमल नव्या सुनांमध्ये नावाजलेली. तिचा पदर वाऱ्यानं उजवीकडं पार रस्त्यावर फडफडत होता. तिनं तो धरायला उजवा हात लांब केला, सरळ, खांद्याच्या रेषेत. पदर पकडला, हात वर नेला आणि डोक्यावर घेतला.

मागं कर्रर्र करून ब्रेक लागले.

का लागले ते मला तेव्हा कळलं नाही. हात आडवा म्हणजे उजवीकडं वळतो, हात वर म्हणजे थांबतो. मागच्या ड्रायव्हरला ही दोनच वाक्यं दिसली! नानांनी नेमाप्रमाणं गाडी थांबवली आणि आम्ही वळायची वाट बघत बसले. आम्ही सरळ निघून गेलो. गाडी पुन्हा सुरू झाली.

शंभर पावलांवर शाळेचे हेडमास्तर. पुन्हा पदर उडाला, पुन्हा हात आडवा, पुन्हा वर. पुन्हा कर्रर्र! गाडीतनं कोंबड्यांचा कलकलाट आणि कुणीतरी म्हातारी ओरडली, "आरं ड्रायव्हरा, जाऊ दे की त्येंला मसणात!"

"कमल, मागं काय चाललंय?"

"काय न्हाई. नाना अंतर ठेवून चाललेत."

त्यानंतर बाजारहाटाला निघालेल्या भाजीवाल्या आजीबाई भेटल्या, त्यांच्यामागं त्यांच्या थोरल्या जाऊबाई, आणि मग देवळाचे गुरव. एवढी वडीलधारी माणसं त्या रस्त्यावर एका सकाळी कधीच चाललेली नव्हती. मला वाटतं आसपासच्या पाच-पन्नास गावांनी आपापली म्हातारी माणसं त्याच दिवशी बाहेर काढली होती! कमलचा हात आडवा, वर, आडवा, वर. मागं गाडी थांब, चाल, थांब, चाल. तिच्या मागं बैलगाड्या, त्यांच्या मागं ट्रका. माझ्या अंदाजानं रांग दौंडच्या रेल्वे फाटकापर्यंत गेली असावी.

पिंपळ दिसू लागला. जिवात थोडा जीव आला. आणि समोरून, शिरूरकडून, एक बैलगाडी आली. वर कडब्याचा डोंगर, पुढं काळे-पांढरे बैल आणि कासरे धरून बसलेले आमचे आप्पा!

"अगं बया, मामंजी!" कमल म्हणाली.

पदराचा हात आडवा झाला. वर गेला. पण सख्खा सासरा समोर आल्यावर नुसत्या पदरानं भागत नाही. सासऱ्यासमोर सून वाहनावर बसत नाही, खाली उतरते. आणि कमलनं, चालत्या सायकलवरून, मला काही न सांगता, उडी मारली!

मागचं वजन गेलं. माझ्या घशातलं बटण सुटलं. पुढचं चाक हरणासारखं उधळलं आणि सायकल उजवीकडं वळली. मी वळवली नाही. ती वळली. मी फक्त 'आप्पा' असं ओरडलो (कमल म्हणते मी 'आई' असं ओरडलो), रस्ता आडवा पार केला, बैलांच्या शेपट्यांमागून गेलो आणि डोक्यापासून कमरेपर्यंत कडब्यात घुसलो.

आत अंधार होता. कडबा खरखरीत होता. मी मेलो आहे अशी माझी खात्री झाली आणि खरं सांगतो, त्या सकाळी पहिल्यांदा मला भीती वाटायची थांबली.

बाहेर आप्पांचा आवाज आला. "कोन हाय रं त्यो? चपला वळखीच्या वाटत्यात!"

मग नानांचा. "माझा जावई हाय!"

"तुमचा जावई? अवो व्याही, मग माझा पोरगा असंल की!"

"आप्पासाहेब, गाडी तुम्ही थांबवायला पाहिजे व्हती. उजवा हात बाहेर व्हता!"

"बैलाला हात कळतोय व्हय?"

"बैलाला न्हाई कळत. बैलाच्या मागं बसल्याला कळाया पाहिजे!"

माझे दोन्ही पाय बाहेर लोंबत होते. त्यांच्याकडं कुणी बघेना. एसटीतले उतारू खाली उतरून भोवती गोळा झाले. त्यातल्या एकानं माझा पाय ओढून बघितला आणि "पक्का बसलाय" असं बाकीच्यांना कळवलं.

मग नाना बैलगाडीवर चढले असावेत, कारण त्यांचा आवाज माझ्या पोटापाशी आला. आता सायकल जाणार, भावकीदेखत जाणार, आणि मी कडब्यातच संसार थाटणार!

"ऐका समद्यांनी!" नाना कडाडले. "माझी हयात ह्या रस्त्यावर गेली. बगितल्यात लई सायकलवाले. पर वळायच्या आधी अर्ध्या मैलापासनं हात दाखवत आलेला सायकलवाला मी आज पहिल्यांदा बगितला! एक डाव न्हाई, सहा डाव दाखवला. मागच्याची एवढी काळजी! हात उजवीकडं दाखवला आन् उजवीकडंच वळला. वळण बराबर हाय. फकस्त तिथं रस्ता नव्हता. सायकल जावयाचीच!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कडब्यात टाळ्या फार लांबून आल्यासारख्या वाटतात.

आप्पाही विरघळले. "आन् आमची सून बगितली का? वाटंत जेवढी वडीलधारी माणसं भेटली त्येवढ्यांपुढं पदर. आन् मला बघून चालत्या सायकलीवरनं उतरली! लेकीला वळण लावावं तर तुम्ही, नाना!"

दोन्ही म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. हात तोच, एकाला त्यात रस्त्याचा नियम दिसला, दुसऱ्याला घराण्याची अब्रू. एका हातानं पोरीनं दोन घरं जिंकली, आणि त्या हाताच्या पुढं बसलेला मी मात्र बैलाच्या खाण्यात जमा झालो!

कमल कडब्यात तोंड घालून हळूच म्हणाली, "अहो, ऐकताय का?"

"म्..."

"नानांना पदराचं सांगू नका. आन् आप्पांना हाताचं सांगू नका."

"म्..."

"ग्वाड हाय माझा धनी."

शेवटी चौघांनी मिळून मला उपसून काढलं. तोंडात कडबा, कानात कडबा, सदऱ्याला एकही बटण नाही. सायकलच्या पुढच्या चाकाचा आठ झाला होता आणि माझे पाय जमिनीवर टेकले तरी उभं राहायला तयार नव्हते. नानांनी हुकूम सोडला, "घ्या दोघांना वर! शिरूरला सायकल दुकानात टाकू आन् ह्येंला दवाखान्यात."

सायकल टपावर चढवली. मला दोघांनी बगलेत धरून आत आणलं आणि आत जागा नव्हती म्हणून मागच्या बाजूला, पोत्यांच्या आणि कोंबड्यांच्या पाट्यांच्या मधे नीट लावून ठेवलं. कंडक्टर पेन्सिल कानामागून काढून पुढं ओरडला, "नाना, सामान किती लिवू?"

नानांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं, मिशीला पीळ दिला, सुरक्षित अंतर बघून उजवा हात खिडकीबाहेर काढला आणि म्हणाले, "दोन."