देवदूत आणि नेलेला भाऊ

इंदापूरजवळच्या डाळिंबाच्या शेडमध्ये मला काम मिळालं ते तिथंच कामाला असलेल्या सणसरच्या ताईमुळं. माझं गाव हिंगोलीकडं. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. इथं ओळखीचं कुणी नव्हतं. ताईनं मुकादमाला सांगून मला निवडणीच्या टेबलावर स्वतःसमोर उभं केलं, आणि तिच्या डब्यातली अर्धी भाकरी माझी, हेही तिनंच ठरवून टाकलं.

कामावर मोबाईल चालत नाही. फळ पुसायचं, साइज बघायचा, खोक्यात लावायचं. हात गुंतलेले, तोंड मोकळं. म्हणून एकीनं काहीतरी सांगायचं नि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी तिथली रीत. माझी पाळी आली तेव्हा शेडमालकाच्या मुलीनं वाचायला दिलेली एक कादंबरी मी सांगायला घेतली. परदेशातली, मराठीत आणलेली. शहराखाली अंधाराचं दार उघडलंय, त्यातून आलेल्यांनी एका मुलीच्या धाकट्या भावाला नेलंय, आणि त्याला शोधायला आकाशातून देवदूत उतरलाय. मी संध्याकाळी थोडं वाचायची, दुसऱ्या दिवशी तेवढंच सांगायची.

आधी सगळ्या जीव मुठीत धरून ऐकायच्या. मग देवदूत आणि ती मुलगी एकमेकांकडं बघायला लागले, आणि पानंच्या पानं बघतच राहिले.

"झोपताना पंख कुठं ठेवतो गं त्यो?" एकीनं विचारलं.

"खुंटीला अडकवत आसंल," दुसरी म्हणाली. "आमचं मालक बिनपंखाचं, तरी घरात सापडत न्हाईत."

हशा व्हायचा. ताई तेवढी हसायची नाही. "आन् तिच्या भावाचं काय झालं?" एवढंच विचारायची.

"अजून आलं नाही, ताई."

ताईचा स्वतःचा धाकटा भाऊ वडलांशी भांडून घरातून गेला होता. फोन बंद. कळंबच्या एका मित्राला त्याचा पत्ता माहीत असणार, असं तिला वाटायचं. पण विचारायला पाय उचलत नव्हता. काही वाईटच ऐकायला मिळालं तर?

एकदा जेवताना ती हळूच म्हणाली, "आमी बौद्ध माणसं. कौल न्हाय, शकुन न्हाय, कायबी मानत न्हाय. तरी मनात धरून बसलीय बग. तुज्या गोष्टीतला सापडला, का मी कळंबला जाणार."

माझा घास तोंडातच फिरायला लागला. पुस्तक संपत आलं होतं.

त्याच संध्याकाळी संपवलं. दार मिटलं, दोघांचं लग्न झालं, भावाबद्दल शब्दही नाही. मागं जाऊन पुन्हा शोधलं. लिहिणाऱ्याला त्याचा विसरच पडला होता. सापडला म्हणून सांगावं, असं फार वाटलं. पण माझ्यावर भरवसा ठेवून ताई गेली, आणि तिथं भलतंच कळलं तर? आणि नाही सापडला म्हटलं, तर ती घरीच बसणार. सकाळी शेडवर येईपर्यंत काही ठरलं नव्हतं.

शेवटी पुस्तकात होतं तसंच सांगितलं.

"म्हंजे, मेला का जिता हाय?" ताईनं विचारलं.

"लिहिलंच नाही, ताई."

टेबलाच्या टोकाची म्हातारी भडकली. "आरं, पंख हायती, वरनं समदा मुलूख दिसतोय, आन् ह्यो बाबा पोरीच्या डोळ्यात बघत बसला? आन् ती बहीण तरी कसली? तिला बी आठवंना?"

ताईचा हात थांबला. फळ खाली ठेवून ती मुकादमाकडं गेली.

"आज गाडी भरायची हाय," तो म्हणाला. "गेलीस तर जागा ऱ्हाईल का, मला सांगता येत न्हाय."

"मग नका ठिवू," ताई म्हणाली, आणि कळंबला गेली.

तिच्या वाटणीचे क्रेट आम्ही आपसात ओढून घेतले. मुकादमानं ते बघितलं आणि तो गाडीकडं वळला. पुढं एक-दोन दिवस तिची जागा रिकामीच होती. मला भाकरी गोड लागेना. मी गोष्ट सांगितली नसती तर, असं सारखं वाटत राहिलं.

गुरुवारी ती आली. मुकादमानं तिच्याकडं एकवार पाहिलं आणि क्रेट पुढं सरकवला.

"भेटला?" म्हातारीनं विचारलं.

"भेटला. कळंबच्या पोरानं पत्ता दिला. चाकणला गोडाऊनात कामाला हाय. संगं आला न्हाय."

"पोरगीबिरगी हाय व्हय तितं कुणी?" पंखांची चौकशी करणारीनं विचारलं.

"न्हाय गं. एकलाच हाय. वाळलाय. मी गेले तवा भांडी घासत हुता."

कुणी हसलं नाही. ताईनं एक फळ उचललं, पुसलं, परत पुसलं.

"रविवारी फोन करतो म्हणलाय," ती म्हणाली.

रविवार अजून लांब होता.