मेल्याची बातमी

रिसोडच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. तो माणूस चपला बाहेर काढून आत आला.

"टीव्हीवरची एक जुनी बातमी पायजे. चॅनलले अर्ज करा."

तारीख-वेळ त्यानं तोंडपाठ सांगितली. बातमी कशाबद्दल, असं मी विचारलं.

"मी मेलो म्हनून दाखवलं व्हतं."

मग त्यानं सगळं सांगितलं. कामाच्या गावाहून घरी द्यायला त्यानं सोबत्याजवळ पिशवी दिली होती. सोबत्याची जीप उलटून तो गेला, चेहरा ओळखू येत नव्हता, आणि पिशवीतल्या आधार कार्डावरून टीव्हीनं यालाच मारलं. तिसऱ्या दिवशी हा चालत घरी आला.

"मंग आता ते कायले पाह्यता, काका?"

"कोन रडलं ते पाह्याचं हाये," तो अगदी शांतपणे म्हणाला.

महिनाभरानं रेकॉर्डिंग आलं. त्यानं ते उभ्यानंच पाहिलं. स्क्रीनवर त्याची बायको, पोरं रडून गेली. मग एक माणूस उंबऱ्यावर डोकं आपटून रडताना दिसला आणि यानं स्क्रीनला बोट लावलं. "पुन्हा लावा."

मी चारदा लावलं.

"भाऊ हाये माहा. वावराच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडनापासून बारा वर्सं झाले, बोलत नाई. मी जिता आलो, तं यानं दार लावून घेतलं. मेल्यावर एवढा रडते, मंग जित्याशी बोलाले काय होते याले?"

"तुमी बोलले काय त्याच्याशी?" मी सहज विचारलं.

 त्यानं बाहेर जाऊन चपला उचलल्या, आणि त्या घालायलाही न थांबता, हातातच धरून अनवाणी गावाकडच्या बसकडे झपाझप चालत गेला.